टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? एका छोट्या इंजिनाची गोष्ट

कामं आटोपून रेडिओजवळ बसलात ना? हातात निवडायला भाजी असेल तर निवडत ऐका, काही बिघडत नाही.

आजची गोष्ट सुरू होते आमच्या गटाच्या भांडणापासून. आमच्या बचत गटाकडं फवारणीचा एक पेट्रोल पंप आहे, पाठीवर घ्यायचा. आम्ही तो बायकांना भाड्यानं देतो. मागच्या हंगामात एकीनं त्यात नुसतंच पेट्रोल भरलं. ऑइल मिसळायचं राहिलं. डाळिंबाच्या चार ओळी फवारून झाल्या आणि पंपानं एकदम आवाज बदलला, मग बंदच पडला. दोरी ओढावी तर हलेना. इंजिन जाम. नवा पिस्टन, नवा सिलिंडर असा खर्च गटाच्या अंगावर आला आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्या बाईकडून ती चूक झाली ती दोन बैठकांना आलीच नाही.

पुढच्या बैठकीत ठराव आला की, आता दुसरा पंप घ्यायचा तर फोर-स्ट्रोक घ्यायचा. त्यात ऑइल मिसळायची भानगड नाही. लगेच दुसऱ्या बाजूनं आवाज आला, "फोर-स्ट्रोक जड आहे, पाठ कुणाची मोडणार? आणि बिघडला तर तालुक्याला न्यायचा कोणी?" दोन्ही बाजूंचं खरंच होतं. बोलणं वाढत गेलं.

माझी भाची तेव्हा घरी आली होती. तिला मोटारसायकलच्या शर्यतींचं भारी वेड. ती हसून म्हणाली, "मावशी, तुमचं हे भांडण जगभर चालू आहे. चिखलमातीत मोटारसायकली पळवणारे लोक गेली पन्नास-साठ वर्षं ह्यावरूनच भांडतायत." मला ते खरं वाटेना. मग तिनं सांगितलं, मी शोधलं, वाचलं, गॅरेजवाल्या दादांना विचारलं. ते सगळं आज तुमच्यापुढं मांडते.

आधी हे दोन प्रकार म्हणजे काय, ते समजून घेऊ. इंजिनाच्या पोटात एक नळकांडं असतं, त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात पिस्टन वरखाली होतो, उखळात मुसळ वरखाली व्हावं तसा. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन खाली येतो तेव्हा पेट्रोल आणि हवा आत घेतो. वर जातो तेव्हा ते दाबतो. ठिणगी पडते, भडका होतो, पिस्टन जोरात खाली ढकलला जातो. पुन्हा वर जाताना धूर बाहेर टाकतो. खाली, वर, खाली, वर, अशा चार हालचाली आणि त्यात जोर एकदाच. हे इंजिन जर्मनीत निकोलाउस ऑटो यानं 1876 साली नीट चालवून दाखवलं. आपल्या विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन बहुधा ह्याच चार पायऱ्यांचं.

टू-स्ट्रोकमध्ये हीच चार कामं दोनच हालचालींत उरकतात. पिस्टन वर जातो तेव्हा वरच्या बाजूला दाबणं चालू असतं आणि त्याच वेळी खालच्या पेटीत ताजं पेट्रोल-हवा ओढलं जातं. भडका झाला की पिस्टन खाली येतो, सिलिंडरच्या बाजूची भोकं उघडी पडतात, एका भोकातून धूर बाहेर आणि दुसऱ्यातून ताजं मिश्रण आत. म्हणजे मुसळाच्या प्रत्येक घावाला जोर. फोर-स्ट्रोकचा एक घाव कामाचा, तर दुसरा नुसता साफसफाईचा.

टू-स्ट्रोकची पहिली कल्पना स्कॉटलंडच्या डुगाल्ड क्लर्क यांची, त्यांनी 1881 साली पेटंट घेतलं. पण आज आपण ज्याला टू-स्ट्रोक म्हणतो ते साधं रूप इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे यांचं, साल 1891. ह्या साध्या रूपात आत-बाहेर करायला फोर-स्ट्रोकसारखी दारं नसतातच. फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह असतात, त्यांना उघडायला कॅम लागतो, स्प्रिंगा लागतात, साखळी लागते. इथं पिस्टन स्वतःच दार आणि स्वतःच दारवान. हलणारे भाग म्हटले तर मुख्य तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक.

खालच्या पेटीतून पेट्रोल जातं म्हणून तिथं वेगळं ऑइल भरून ठेवता येत नाही. त्यासाठी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. ते आतल्या भागांना वंगण देतं आणि पेट्रोलबरोबर जळून जातं. आमच्या पंपाचं काय झालं ते आता कळलं ना? वंगणच मिळालं नाही. धातूवर धातू घासला, तापला आणि चिकटला.

आता ही गोष्ट जर्मनीतल्या चोपाऊ नावाच्या छोट्या गावात जाते. डेन्मार्कहून आलेल्या रासमुसेन नावाच्या माणसानं तिथं कारखाना काढला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी वाफेवर चालणारी गाडी बनवायचा खटाटोप केला, तो फसला. त्या गाडीच्या जर्मन नावाची तीन अक्षरं तेवढी उरली: डीकेडब्ल्यू. मग 1919 मध्ये त्यांनी मुलांच्या खेळण्यासाठी एक इवलंसं टू-स्ट्रोक इंजिन केलं. तेच थोडं मोठं करून सायकलला जोडलं. लोकांना ते आवडलं, कारण स्वस्त होतं आणि कुणालाही खोलता येत होतं. 1928 च्या सुमारास हीच कंपनी जगातली सगळ्यात मोठी मोटारसायकल बनवणारी कंपनी झाली होती. खेळण्यातून उभा राहिलेला संसार म्हणा ना.

1939 मध्ये त्यांनी 125 सीसीची एक हलकी गाडी काढली, आरटी 125. मग दुसरं महायुद्ध झालं, जर्मनी हरली. तिचे नकाशे जिंकलेल्या देशांच्या हाती लागले आणि एकाच गाडीच्या नकला चार देशांत निघाल्या. इंग्लंडमध्ये बीएसए बॅंटम, अमेरिकेत हार्लेची छोटी गाडी, रशियात मॉस्क्वा, आणि जपानमध्ये 1955 साली यामाहा कंपनीची सगळ्यात पहिली मोटारसायकल. तिचं लाडाचं नाव होतं 'लाल चतुर', आपल्या बांधावर उडतो ना, तो चतुर. जिच्यापायी आपल्याकडची पोरं वेडी झाली त्या आरएक्स 100 चं घराणं असं चोपाऊपर्यंत जातं.

युद्धानंतर चोपाऊ गाव पूर्व जर्मनीत गेलं. कारखान्यातली यंत्रं रशियानं उचलून नेली होती, पैसा नव्हता, चांगलं साहित्य मिळत नव्हतं. अशा जागी वाल्टर काडेन नावाचा एक इंजिनीअर 1953 पासून शर्यतीच्या गाड्या बनवू लागला. कारखान्याचं नाव पुढं एमझेड झालं. काडेनपुढं प्रश्न होता तो टू-स्ट्रोकच्या जुन्याच दुखण्याचा. धूर बाहेर जाताना ताजं मिश्रणही थोडं त्याच्याबरोबर निसटून जातं. पाहुणे निघाले की त्यांच्या पायांतून घरातलं पोरही बाहेर पळतं, अगदी तसं.

काडेननं सायलेन्सरच्या नळीला मध्ये मोठं पोट दिलं आणि पुढं ती पुन्हा निमुळती केली. धुराचा दाब ध्वनीसारखा लाटेनं जातो. विहिरीत ओरडलं की आवाज परत येतो, तशी ती लाट निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि पळणाऱ्या पोराला दारातूनच आत लोटते. भोक बंद व्हायच्या नेमक्या आधी. नळीची लांबी, पोटाची रुंदी ह्यांचं गणित जुळलं पाहिजे. ह्या नळीची कल्पना काडेनच्या आधीही होती, पण त्यानं ती शर्यतीत उतरवली, घडवत नेली. 1961 पर्यंत त्यानं 125 सीसीच्या इवल्या इंजिनातून 25 अश्वशक्ती काढली. त्या काळी जगात तशी गोष्ट कुणाला जमली नव्हती. आणि हे सगळं एका गरीब कारखान्यात.

पुढचं ऐकताना माझं मन मात्र इंजिनावरून उडून एका घराकडं गेलं. काडेनचा सगळ्यात चांगला चालक होता एर्न्स्ट डेग्नर. तो स्वतःही इंजिनाचा जाणकार. 1961 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. देशाबाहेर जायची वाट बंद झाली. डेग्नर शर्यतीसाठी बाहेर जाऊ शकत होता, पण बायको आणि दोन लेकरं मागंच ठेवून. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या शर्यतीत तो जगज्जेतेपदाच्या दारात उभा होता. त्याचं इंजिन बंद पडलं. त्यानंतर तो परत घरी गेलाच नाही. त्याच सुमारास त्याच्या बायकोला आणि मुलांना गाडीच्या डिकीत लपवून सीमेपार आणलं. मुलं रडू नयेत म्हणून त्यांना झोपेचं औषध दिलं होतं, असं सांगतात. इतिहासाच्या पुस्तकांत डेग्नरचं नाव ठळक असतं. डिकीत श्वास रोखून बसलेल्या त्या आईबद्दल ओळ-दोन ओळी.

डेग्नर जपानच्या सुझुकी कंपनीकडं गेला आणि काडेनचं गुपित बरोबर घेऊन गेला. पुढच्याच वर्षी, 1962 मध्ये, सुझुकीनं 50 सीसीच्या वर्गात पहिलं जगज्जेतेपद मिळवलं, चालक अर्थात डेग्नर. पण सुख फार लाभलं नाही. 1963 मध्ये जपानच्याच शर्यतीत तो आगीत भाजला आणि पुढची वर्षं दुखण्यांत गेली. जपानच्या सुझुका ट्रॅकवरच्या वळणांना आजही डेग्नर हे नाव आहे. काडेन चोपाऊतच राहिला, साधेपणानं. ज्यानं ती विद्या घडवली त्याच्या वाट्याला पैसा आला नाही. विद्या मात्र जगभर गेली. चूक डेग्नरची की त्याला असं वागायला लावणाऱ्या भिंतीची, हे मी ठरवू शकत नाही. तुम्ही ठरवा.

आता मातीत उतरू. मोटारसायकलच्या मातीतल्या शर्यतीला मोटोक्रॉस म्हणतात. चढ, उतार, चिखल, वाळू, उड्या. 1957 मध्ये 500 सीसीची जागतिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा तिथं मोठ्या, जड फोर-स्ट्रोक गाड्यांचं राज्य होतं. 1962 मध्ये 250 सीसीची स्पर्धा सुरू झाली आणि ती स्वीडनच्या टोर्स्टन हॉलमननं हुस्कवार्ना ह्या हलक्या टू-स्ट्रोकवर जिंकली. मोठ्या गाड्यांच्या वर्गात 1964 आणि 1965 साली इंग्लंडचा जेफ स्मिथ बीएसएच्या फोर-स्ट्रोकवर जिंकला. पण मागून येणारी टू-स्ट्रोकची भणभण सगळ्यांना ऐकू येत होती.

बीएसएनं काय केलं? आपली गाडी हलकी करायची म्हणून 1966 मध्ये टायटॅनियम नावाच्या महाग धातूची फ्रेम केली. वजन कमी झालं खरं. पण टायटॅनियमला साधं वेल्डिंग चालत नाही, त्याला हवा लागू न देता खास वायूत जोडावं लागतं. मैदानावर फ्रेम मोडली की गाडी तिथंच संपली. लोखंडाची असती तर शेजारच्या वेल्डरनं दहा मिनिटांत डाग दिला असता. त्या वर्षी पूर्व जर्मनीचा पॉल फ्रीड्रिक्स चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड ह्या टू-स्ट्रोकवर जिंकला, आणि नंतरची दोन वर्षंही तोच. तिथून 1992 पर्यंत, म्हणजे 27 वर्षं, 500 सीसीचं जगज्जेतेपद दरवर्षी टू-स्ट्रोकनंच नेलं.

ह्या काळात एक बाईही ह्या मातीत उतरली, तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. अमेरिकेची मेरी मॅकगी. ती आधी डांबरी ट्रॅकवर गाड्या पळवायची. सिनेनट स्टीव्ह मॅक्वीन यानं तिला वाळवंटात यायला सुचवलं आणि ती गेली. मेक्सिकोच्या बाहा भागात एक शर्यत होते, पाचशे मैलांची, म्हणजे सुमारे 800 किलोमीटर, दगडधोंडे आणि वाळूतून. पुरुष दोघं-दोघं मिळून ती करायचे. एक थकला की दुसरा चालवायचा. 1975 साली मेरीनं ती एकटीनं पूर्ण केली, हुस्कवार्नाच्या 250 सीसी टू-स्ट्रोकवर. तेव्हा ती 38 वर्षांची होती. वाटेत तिनं दोन-दोन पुरुषांच्या 17 जोड्या मागं टाकल्या. एकट्यानं ती शर्यत पुरी करणारी ती पहिलीच व्यक्ती मानली जाते. अशा ठिकाणी गाडी पडली तर उचलायची कुणी? आपली आपणच. हलकी गाडी का हवी, ते अशा वेळी कळतं.

आता तुम्ही म्हणाल, टू-स्ट्रोक इतकी भारी, तर ती गेली कुठं? त्याची दोन कारणं.

पहिलं कारण धूर. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल जळतं आणि काही पेट्रोल न जळताच बाहेर जातं. म्हणजे हवाही खराब आणि पैसाही वाया. ज्यांनी शहरात जुन्या रिक्षांच्या मागं उभं राहून बसची वाट पाहिली असेल, त्यांना वेगळं सांगायला नको. आपल्या देशात लुना, चेतक, राजदूत, येझदी, आरएक्स 100, सगळ्या टू-स्ट्रोक. 1985 मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी 100 आली, लिटरला दुप्पट पळणारी. मग 2000 साली धुराचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक रस्त्यावरून हळूहळू गेल्या. ह्यात वाईट काही झालं नाही, आपल्या लेकरांच्या छातीसाठी ते बरंच झालं. पण लुनाची आठवण काढल्याशिवाय मला राहवत नाही. 1972 मध्ये आपल्याच कायनेटिक कंपनीनं ती काढली. 50 सीसीची, पेट्रोल संपलं तर पायडल मारायची. आमच्या भागात नर्सबाई लुनावर यायच्या. एका बाईला गाडी चालवताना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांना. प्लगवर काजळी धरली की त्या थांबायच्या, पिशवीतून पाना काढायच्या, प्लग खोलायच्या, पदराला नाही हं, फडक्याला पुसायच्या आणि पुन्हा निघायच्या. कुणा पुरुषाची वाट बघत उभ्या राहिलेल्या मी त्यांना कधी पाहिल्या नाहीत.

दुसरं कारण नियमांचं. शर्यतीत गाड्यांचे वर्ग इंजिनाच्या आकारावर ठरतात. अमेरिकेत 250 सीसी टू-स्ट्रोकच्या वर्गात फोर-स्ट्रोकला त्याहून कितीतरी मोठं, 550 सीसीपर्यंतचं इंजिन आणायची मुभा होती. कारण टू-स्ट्रोक प्रत्येक फेऱ्याला जोर देते, फोर-स्ट्रोक एकाआड एक. म्हणून ही सवलत. बरीच वर्षं ह्या सवलतीचा कुणाला फारसा उपयोग झाला नाही. पण यामाहानं 400 सीसीची नव्या पद्धतीची, वेगानं फिरणारी फोर-स्ट्रोक केली. 1997 मध्ये लास वेगासच्या शर्यतीत डग हेन्री तिच्यावर जिंकला आणि 1998 मध्ये त्यानं तिथली राष्ट्रीय स्पर्धाही जिंकली. मग सगळ्याच कंपन्या तिकडं वळल्या. पुढं मोठ्या वर्गात 450 ची फोर-स्ट्रोक विरुद्ध 250 ची टू-स्ट्रोक, छोट्या वर्गात 250 विरुद्ध 125, असं चित्र झालं. होंडानं 2007 च्या मॉडेलनंतर मोटोक्रॉसच्या टू-स्ट्रोक बंदच केल्या.

फोर-स्ट्रोकवाल्यांची बाजूही ऐका. तिचा जोर सावकाश, सारखा येतो, ओल्या उतारावर चाक घसरत नाही. पेट्रोल कमी लागतं. टू-स्ट्रोकचा जोर काडेनच्या त्या नळीमुळं ठरावीक वेगालाच येतो, आधी काहीच नाही आणि मग एकदम बैल उधळल्यासारखा. नवख्याला फेकून देतो.

तरीही मातीतले पुष्कळ चालक टू-स्ट्रोक सोडायला तयार नाहीत. का? त्यांची कारणं मी तुमच्यासाठी जमवली.

एक, वजन. यामाहाच्याच दोन गाड्या घ्या. 125 ची टू-स्ट्रोक सुमारे 95 किलो, तिच्याच वर्गात पळणारी 250 ची फोर-स्ट्रोक सुमारे 106 किलो. अकरा किलोचा फरक. चिखलात पडलेली गाडी दिवसातून वीस वेळा उचलायची असेल तर अकरा किलो म्हणजे काय, ते पाण्याची घागर वाहणारीला सांगायला नको.

दोन, खर्च. टू-स्ट्रोकचा पिस्टन आणि रिंगा वारंवार बदलाव्या लागतात, हे खरं. पण चालक ते स्वतः अंगणात बसून एका दुपारी करू शकतो. शर्यतीच्या फोर-स्ट्रोकचे व्हॉल्व्ह ठरावीक काळानं तपासावे लागतात, त्यांची फट कागदाएवढी मोजावी लागते. दुर्लक्ष झालं आणि एक व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडला, तर अख्खं इंजिन गेलं, आणि तो खर्च साध्या घरच्या मुलाला झेपत नाही.

तीन, पडल्यावर पुन्हा चालू होणं. शर्यतीची टू-स्ट्रोक गाडी दोन-चार किकांत उठते. तिच्या पोटात ऑइलचं भांडं नसल्यानं कशीही वाकडी केली तरी वंगण मिळत राहतं. झाडं कापायचं पेट्रोलवरचं करवत यंत्र आडवं-तिडवं धरून चालवतात, ते ह्याच कारणानं.

चार, चालकाचं शिकणं. जुने शिकवणारे म्हणतात, टू-स्ट्रोक चालवणाऱ्याला क्लच, गिअर, वेग सगळ्याचं भान ठेवावं लागतं, आळस चालत नाही. म्हणूनच लहान मुलांच्या 65 आणि 85 सीसीच्या स्पर्धांत आजही टू-स्ट्रोकच पळतात.

ऑस्ट्रियात एर्झबर्ग नावाचा लोखंडाच्या खाणीचा डोंगर आहे. तिथं दरवर्षी पाचशे चालक शर्यतीला उभे राहतात आणि चार तासांत वर पोचतात ते थोडेच. तिथले नावाजलेले चालक बहुतेक 300 सीसीच्या टू-स्ट्रोकवर असतात. 2015 साली तिथं आयोजकांनी असा एक उभा टप्पा घातला की पुढं असलेल्या चौघांपैकी कुणालाच तो एकट्यानं चढता येईना. चौघं एकमेकांचे प्रतिस्पर्धी. पण त्यांनी एकाची गाडी मिळून ओढून वर नेली, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची, चौथ्याची. आणि मग चौघांनी एकदमच शेवटची रेषा ओलांडली. चौघांनाही विजेता घोषित केलं. ही गोष्ट मी आमच्या गटात सांगितली तेव्हा क्षणभर कुणी बोललं नाही.

म्हणजे ह्या वादाचा निकाल काय? निकाल असा की गाडी चांगली किंवा वाईट नसते, कामासाठी योग्य किंवा अयोग्य असते. रस्त्यावर रोज लाखो गाड्या पळणार असतील तर धूर कमी हवा, पेट्रोल कमी लागायला हवं, तिथं फोर-स्ट्रोकच हवी. डोंगरात जिथं गाडी उचलावी लागते, मोडली तर स्वतः जोडावी लागते, तिथं साध्या हलक्या इंजिनाची किंमत वेगळी. आता टू-स्ट्रोकवालेही स्वस्थ बसलेले नाहीत. केटीएम कंपनीनं 2018 च्या मॉडेलपासून अशा गाड्या आणल्या की त्यात संगणक मोजून इंधन सोडतो आणि ऑइलही वेगळ्या टाकीतून आपोआप मिसळतं. धूर कमी झाला. पण काही जुने चालक कुरकुरतात की, आता ही गाडीही अंगणात बसून पुरती दुरुस्त करता येत नाही. एक घेतलं की दुसरं सोडावं लागतंच.

आता आमच्या गटाचं काय झालं ते सांगते. आम्ही दोन्ही पंप मागवले, भरून पाठीवर घेऊन पाहिले. ज्या बाईकडून चूक झाली होती तिलाही घरी जाऊन बोलावून आणलं. तिनंच सगळ्यात महत्त्वाचं सांगितलं. ती म्हणाली, "धूर पाठीवरच्या बाईच्या नाकात जातो, त्याचा कुणी विचार केला का?" नव्हता केला. ठरलं, फवारणीला फोर-स्ट्रोक. पण विक्रेत्याला अट घातली: आमच्या दोघींसमोर इंजिन खोलून दाखवायचं, ऑइल कसं बदलायचं, व्हॉल्व्हची फट कशी बघायची, सुटे भाग तालुक्यात कुठं मिळतात, ते सगळं. त्याशिवाय पैसे नाहीत. तो आधी हसला. मग खोलून दाखवलं.

आणि जुना टू-स्ट्रोक? तो टाकला नाही. नवा पिस्टन घालून तो दुरुस्त केला. गॅरेजवाले दादा सांगत होते, हात मात्र आमच्या भाचीचे आणि त्याच बाईचे. आता त्याच्या पेट्रोलचा कॅन लाल आहे, बाकीचे पांढरे. वाचता येवो न येवो, लाल कॅन म्हणजे ऑइल मिसळलेलं, हे सगळ्यांना पाठ. ऑइल मोजायला औषधाच्या बाटलीचं झाकण दोरीनं कॅनलाच बांधलंय. किती झाकणं टाकायची ते यंत्राच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणावरून काढलंय. तुम्हीही तसंच करा, अंदाजानं ओतू नका.

तुमच्या पुढच्या बैठकीत ह्यावर जरूर बोला:

1. आपल्या गटाकडं जी यंत्रं आहेत, त्यातली किती आपल्यापैकी कुणाला खोलता येतात?

2. नवं यंत्र घेताना आपण किंमत विचारतो. ते बिघडल्यावरची किंमत विचारतो का?

3. एखादीच्या हातून यंत्र बिघडलं तर आपण तिच्याशी कसं वागतो?

तुमची उत्तरं पत्रानं कळवा, नाहीतर रेडिओ केंद्रावर येऊन सांगा. आता भाजी निवडून झाली असेल. उठा, चूल वाट बघतेय. नमस्कार.